जीमेव्हनप्लस: मेव्हन बिल्डमध्ये ग्रूव्ही, काही महिन्यांच्या वापरानंतर

जीमेव्हनप्लस म्हणजे मेव्हन या जावा बिल्ड साधनात ग्रूव्ही ही भाषा वापरू देणारा प्लगइन. आधी तो कुठे वापरला ते सांगतो, म्हणजे तुमच्या प्रकल्पाशी ताडून बघता येईल. अनेक मॉड्यूलचा मेव्हन प्रकल्प, जावा १७, ग्रूव्ही ४, चाचण्या स्पॉक या ग्रूव्हीच्या चाचणी-चौकटीत आणि बिल्डच्या काही बारीकसारीक स्क्रिप्ट. या स्क्रिप्ट पूर्वी अँटरन या मेव्हन प्लगइनमधून जावास्क्रिप्टमध्ये चालायच्या. त्यांना चालवणारं नॅशहॉर्न इंजिन जावा ११ मध्ये डेप्रिकेटेड झालं आणि जावा १५ मध्ये काढूनच टाकलं. त्यामुळे जावा ८ वर वर्षानुवर्षं चालणारा बिल्ड जावा १७ वर गेला की ‘अनेबल टू क्रिएट जावाएक्स स्क्रिप्ट इंजिन’ म्हणून थांबतो. नॅशहॉर्न वेगळी लायब्ररी म्हणून जोडता येतं, पण स्क्रिप्टना हात लावायचाच आहे तर ग्रूव्ही बरी.

मेव्हनमध्ये ग्रूव्ही चालवायचे पर्याय तीन आहेत. ग्रूव्ही-मेव्हन-प्लगइन फक्त स्क्रिप्ट चालवतो. ग्रूव्ही-एक्लिप्स कंपायलर जावा आणि ग्रूव्ही एकाच दमात कंपाइल करतो, त्याला स्टब, म्हणजे ग्रूव्ही क्लासचे पोकळ जावा सांगाडे, लागत नाहीत. मात्र तुमचा जावा कोडही मग जावासी या जावाच्या नेहमीच्या कंपायलरऐवजी एक्लिप्सच्या कंपायलरकडे जातो. जीमेव्हनप्लस दोन्ही कामं करतो आणि जावासीला हात लावत नाही. निवड याच कारणाने झाली आणि ती बदलावीशी वाटलेली नाही.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ खातो तो ग्रूव्हीच्या आवृत्त्यांचा घोळ. ग्रूव्ही ३ पर्यंत ग्रुप आयडी (लायब्ररी कोणाची ते सांगणारं मेव्हनमधलं नाव) ‘ऑर्ग डॉट कोडहाउस डॉट ग्रूव्ही’ होता, ४ पासून ‘ऑर्ग डॉट अपाची डॉट ग्रूव्ही’ झाला. मेव्हनच्या लेखी या दोन वेगळ्याच वस्तू, त्यामुळे तो एकीला बाद न करता दोन्ही जार (लायब्ररीच्या फाइली) क्लासपाथवर, म्हणजे जावा क्लास शोधतो त्या यादीत, ठेवतो. रेस्ट-अ‍ॅश्युअर्ड ४ सारखी लायब्ररी गुपचूप ग्रूव्ही ३ घेऊन येते आणि चाचण्या सुरू होताच ‘कॉन्फ्लिक्टिंग मॉड्यूल व्हर्जन्स’ दिसतं. डिपेंडन्सी प्लगइनचं ट्री हे गोल (प्लगइनचं एक काम) चालवा, इन्क्लूड्समध्ये जुना ग्रुप आयडी द्या. कोणी आणलं ते कळलं की तिथे एक्सक्लूजन टाका, नाहीतर ती लायब्ररीच वर न्या. मग एन्फोर्सर या नियम तपासणाऱ्या प्लगइनमध्ये जुन्या ग्रुप आयडीवर बंदीही घाला, म्हणजे उद्या कोणी नवी लायब्ररी जोडली तर बिल्ड तिथेच अडेल. ‘ग्रूव्ही-ऑल’ लिहीत असाल तर टाइप ‘पॉम’ द्यायला विसरू नका. २.५ पासून तो एकच मोठा जार राहिलेला नाही, टाइप नसला की आर्टिफॅक्ट सापडतच नाही.

स्पॉकचंही तसंच. त्याच्या आवृत्तीच्या नावातच ग्रूव्हीची आवृत्ती असते, ‘२.३-ग्रूव्ही-४.०’ अशी. जोडी चुकली तर स्पॉक निदान स्पष्ट शब्दांत नकार देतो.

कोणती ग्रूव्ही उचलली गेली याबद्दल शंका असेल तर अंदाज बांधत बसू नका. ‘यूजिंग ग्रूव्ही अमुक टू परफॉर्म कंपाइल’ अशी ओळ प्लगइन स्वतः छापतो. कंपाइलसाठी तो प्रकल्पाच्या डिपेंडन्सीतली ग्रूव्ही घेतो. प्रकल्पात ग्रूव्ही कोडच नसेल, नुसत्या स्क्रिप्ट असतील, तर प्लगइनच्या स्वतःच्या डिपेंडन्सीत ती दिली की पुरे. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ आलं तर कोड तपासू नका. ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. वापरात असलेली ग्रूव्ही त्या जावापेक्षा जुनी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता स्टब. जावा आणि ग्रूव्ही एकमेकांना हाक मारत असतील तर क्रम असा: जनरेट-स्टब्स ग्रूव्ही क्लासचे पोकळ जावा सांगाडे लिहितो, जावासी ते जावा कोडबरोबर कंपाइल करतो, मग कंपाइल गोल खरे क्लास त्यांच्या जागी ठेवतो आणि शेवटी रिमूव्ह-स्टब्स. यातला धोका गंभीर आहे. जनरेट-स्टब्स लिहिलं पण कंपाइल गोल राहून गेलं, तरी बिल्ड यशस्वी होतो! टार्गेटमध्ये सांगाड्यांचेच क्लास राहतात आणि त्यांच्या मेथड चालवताना नल देतात. रिमूव्ह-स्टब्स राहिलं तर स्टब सोर्स जारमध्ये घुसतात. आयडीईने तो फोल्डर सोर्स म्हणून धरला की ‘डुप्लिकेट क्लास’ सुरू. आयडीईमध्ये त्या फोल्डरची ‘सोर्स’ ही खूण काढून टाका.

जावा कोडमधून ‘कॅननिकल’ किंवा ‘बिल्डर’ अ‍ॅनोटेशनवाला ग्रूव्ही क्लास वापरला की ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ येतं, कारण ही अ‍ॅनोटेशन जे कन्स्ट्रक्टर आणि मेथड घालतात ते स्टब लिहून झाल्यानंतर. यावर प्लगइनकडे तोड नाही. तो क्लास जावात लिहा किंवा वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवा. ग्रूव्ही फक्त चाचण्यांत असेल आणि जावाच्या चाचण्या तिला हात लावत नसतील तर स्टबची सगळी भानगडच नको. अ‍ॅड-टेस्ट-सोर्सेस आणि कंपाइल-टेस्ट्स ही दोन गोल पुरतात.

आणि चाचण्या खरंच धावल्या का ते बघा. शुअरफायर हा चाचण्या चालवणारा प्लगइन मुळात ‘टेस्ट’ने सुरू होणारी किंवा ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’, ‘टेस्टकेस’वर संपणारी नावंच उचलतो. ‘स्पेक’वर संपणारे स्पॉकचे क्लास तो बघतही नाही आणि बिल्ड हिरवा. इन्क्लूड्समध्ये ‘स्पेक’ टाका. स्पॉक २ साठी शुअरफायर किमान २.२२.० हवा.

स्क्रिप्ट चालवणारं एक्झिक्यूट गोल उत्तम आहे, पण स्क्रिप्ट पॉममध्ये, म्हणजे मेव्हनच्या प्रकल्प-फाइलीत, लिहू नका. डॉलर-महिरपी कंसातलं ओळखीचं नाव ग्रूव्हीच्या आधी मेव्हनच भरून टाकतो. विंडोजवर त्यातून ‘सी:\यूजर्स’सारखा पाथ आला की बॅकस्लॅश आणि मोठं ‘यू’ ही जोडी ग्रूव्हीला चुकीचा एस्केप वाटते आणि स्क्रिप्ट कंपाइलच होत नाही. वेगळ्या फाइलीत ठेवा आणि तिथे प्लगइनने दिलेलं ‘प्रोजेक्ट’ व्हेरिएबल वापरा. सगळे पाथ प्रोजेक्टच्या बेसडिरपासून बांधा. सापेक्ष पाथ मेव्हन जिथून चालवला तिथून मोजला जातो, त्यामुळे मॉड्यूलमध्ये चालणारी स्क्रिप्ट मूळ फोल्डरमधून चालवली की बंद पडते. स्क्रिप्टमध्ये सिस्टिम एक्झिट कधीच नको. ती मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये चालते. शून्याने एक्झिट झालं तर उरलेली मॉड्यूल न बांधताच सीआय (आपोआप बिल्ड चालवणारी यंत्रणा) यश दाखवेल. अडवायचं असेल तर एक्सेप्शन फेका.

मराठी संदेशांच्या फाइली स्क्रिप्टमधून लिहीत असाल तर एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ दर वेळी द्या. जावा १८ पासून तेच डिफॉल्ट आहे, पण जावा १७ वर विंडोजचं कोडपेज १२५२ असेल तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.