नॉर्थविंड की कारखान्याच्या डेटाची कॉपी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये सांभाळतो. काही नवं केलं की त्याच्या चाचणीसाठी दोन वाटा: मायक्रोसॉफ्टचा तयार नमुना डेटाबेस नॉर्थविंड, नाहीतर कारखान्याच्याच फाइलची कॉपी.

नॉर्थविंड शिकायला झकास. ग्राहक, ऑर्डरी, माल, सगळी टेबलं आधीच जोडलेली. मालाच्या यादीत पहिलाच माल ‘चाय’! पण तिथे सगळंच नीटनेटकं. आमच्याकडे एकाच व्यापाऱ्याचं नाव तीन तऱ्हांनी टाइप केलेलं, डझनाच्या रकान्यात नग. असल्या डेटावर क्वेरी, म्हणजे हवी ती माहिती काढायची आज्ञा, कुठे अडते ते कॉपीवरच कळतं. माझं मत कॉपीला. फक्त नावं, फोन नंबर आधी बदलायचे.

कॉपीची खोड एकच, ती हुबेहूब खऱ्यासारखी दिसते. एकदा मी चाचणीचं बिल खऱ्या फाइलीत ठोकलं. मालकांनी चहा पाजत पाजत झाडलं. तेव्हापासून कॉपीचा सुरुवातीचा फॉर्म लालभडक, वर ठळक ‘चाचणी’. ॲक्सेसच्या ‘डिस्प्ले फॉर्म’ या सेटिंगमध्ये नेमला की फाइल उघडताच तो समोर येतो. शिफ्ट दाबून उघडली तर मात्र येत नाही, आणि आम्ही डेव्हलपर मंडळी हमखास शिफ्ट दाबूनच उघडतो. म्हणून फाइलच्या नावातही ‘चाचणी’ घातलंय.