कांड्या घालून पाणी ‘तपासणाऱ्यांना’ दारात उभं करू नका

आमच्या विहिरीचं पाणी नितळ, तळ दिसतो असं. तरी पावसाळ्यात घरात जुलाब लागतात, म्हणून काहीतरी उपाय करायचाच होता. नेमके तेव्हाच ‘मोफत पाणी तपासणी’वाले आले. २२,५०० रुपये आरओचे (पाण्यातले क्षार गाळणारं यंत्र), वर देखभालीचे ४,८०० आगाऊ. गेले.

दोन ग्लास मांडले. एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्या विक्रेत्याच्या बाटलीतलं, आरओचं. दोन्हींत लोखंडाच्या नि अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या बुडवून वीज सोडली. आमचा ग्लास हिरवट झाला, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस. त्याचा जसाच्या तसा. “हे पाजता लेकरांना?” हे त्याने माझ्या आईकडे बघून विचारलं. त्याची चीड अजून जात नाही.

ती घाण पाण्यातली नव्हतीच, त्याच्याच कांडीचं लोखंड झिजून उतरलं होतं! आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. चिमूटभर मीठ टाका, त्याचंही तेच होईल. मी त्याचा ग्लास उचलायला गेलो तर “शॉक बसेल” म्हणत त्याने तो मागे ओढला. तिथेच खटकायला हवं होतं. पण पाणी डोळ्यांदेखत सडताना दिसल्यावर कुणाला सुचतं?

त्याच्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २१० आला, त्याला तो ‘धोक्याचा’ म्हणाला. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत सरळ चालतो. शिवाय तो मीटर क्षार दाखवतो, जंतू नाही. आमचा प्रश्न जंतूंचा! नितळ पाण्यात क्लोरीन चांगलं काम करतं. योग्य मात्रा टाकून अर्धा तास थांबायचं, नाहीतर सरळ उकळायचं. हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

चौकीत म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” पंचायतीत म्हणाले, खाजगी विहीर आमच्याकडे येत नाही. तपासणीची बाटली मागितली तर संपलेली. मग सामान्य माणसाने जायचं कुठे? विक्रेत्याचे साहेब तर कायम मीटिंगमध्ये.

जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घ्या. आगाऊ देखभाल भरू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मी तिथे जातोय. आणि सही करण्याआधी पावती वाचा: आमच्या पावतीवर बारीक अक्षरांत ‘प्रात्यक्षिक पाहून समाधान झाले’ असं छापलंय, त्याखालीच सही घेतली.