फ्लेक्सर टेंडनसाठी धागा कुठला: एथिबॉन्ड, प्रोलीन की फायबरवायर?

बोट वाकवणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटला तर तो कुठल्या धाग्याने शिवायचा, हा प्रश्न. व्हिक्रिल (शरीरात विरघळणारा धागा) आधीच बाजूला ठेवा, त्याची ताकद साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्यावर येते आणि टेंडनला स्वतःच्या जोरावर ताण घ्यायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. पीडीएस (हाही विरघळणारा) जास्त टिकतो, पण मोठ्या माणसाच्या झोन टू साठी (तळहाताच्या वरच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा पट्टा, जिथे टेंडन अरुंद नळीतून जातो) माझी पहिली पसंती नाही. स्टील मजबूत खरं, पण वळतं, मुडपतं, हातात धरवत नाही. मग उरले तीन.

एथिबॉन्ड म्हणजे विणलेला पॉलिएस्टर, ताणला जात नाही आणि गाठ छान बसते. त्रास एवढाच की टेंडनमधून ओढताना खरखरतो आणि लॉकिंग लूप (टेंडनला आवळून धरणारा फास) एकदा बसला की मागेपुढे होत नाही, म्हणजे टोकं गोळा झाली तर ती तशीच राहतात, त्यामुळे प्रत्येक पासला ताण बघतच पुढे जायचं. प्रोलीन याच्या उलट, लोण्यासारखा सरकतो, ढील शेवटी काढता येते, टिश्यू रिअ‍ॅक्शनही कमी, पण लोडखाली ताणला जातो आणि मग गॅप (शिवलेल्या दोन टोकांमधली फट) पडतो. गॅप ३ मिमीच्या वर गेला की रिपेअरची ताकद हवी तशी वाढत नाही आणि तुटायची भीती राहते, म्हणून कोअरला (टेंडनच्या आतल्या मुख्य टाक्याला) मी प्रोलीन घेत नाही. नायलॉनचंही तेच, लूपवाला घेतला तर दोन पासमध्ये चार स्ट्रँड (दोन टोकं जोडणारे धाग्याचे पदर) मिळतात हा फायदा मात्र खरा.

फायबरवायरचं (हाही विणलेला, पण खूपच मजबूत धागा) सगळ्यांना आकर्षण, आणि ताकदीत तो पुढे आहेच. पण गाठ घसरते, म्हणून जास्त थ्रो (गाठीचे वेढे) घ्यावे लागतात, गाठ जाड होते आणि A2, A4 पुलीखाली (टेंडनला हाडाशी धरून ठेवणारे पट्टे) अडकायला लागते. शिवाय धागा इतका मजबूत की तो तुटण्याऐवजी टेंडनच चिरत बाहेर येतो, मग धाग्याची ताकद घेऊन काय करायचं? पकड चांगली हवी, कापलेल्या टोकापासून ७ ते १० मिमी आत.

म्हणून माझं मत, अर्ली अ‍ॅक्टिव्ह मूव्हमेंट (पेशंटने लवकरच स्वतः बोट हलवणं) द्यायची असेल तर ३-० किंवा ४-० (आकडा मोठा तेवढा धागा बारीक) एथिबॉन्डने चार स्ट्रँड, दोन स्ट्रँड फायबरवायरपेक्षा हे बरं. टेंडन जाड असेल, लॉकिंगचा हात बसलेला असेल आणि गाठ आत दडवता येत असेल तर फायबरवायर बिनधास्त घ्या. जखम घाण असेल तर विणलेल्या धाग्यात जंतू लपून बसू शकतात, तिथे मोनोफिलामेंटचा (प्रोलीनसारखा एकेरी, न विणलेला धागा) विचार करा, गॅपची जोखीम धरून. एक्स्टेन्सर (बोट सरळ करणारा टेंडन) बोटावर चपटा नि पातळ असतो, तिथे ४-० पुरतो, आणि एवढी चर्चाही लागत नाही.

बाहेरच्या कडेने एपिटेंडिनसला (टेंडनच्या बाहेरच्या आवरणाला) ५-० किंवा ६-० प्रोलीन रनिंग (सलग टाका), यात वाद नाही, त्याने कडा गुळगुळीत होते आणि ताकदीतही भर पडते. सुई टेपर (गोल, धार नसलेली) घ्या, कटिंग सुईने आधी घातलेला धागाच कापला जातो (मग सगळं पहिल्यापासून). पेशंट लोकल भुलीवर (फक्त तेवढा भाग बधिर करून) जागा असेल तर कातडी शिवायच्या आधी त्याला बोट वाकवायला सांगा, गॅप पडत असेल किंवा पुलीत अटकत असेल तर तिथेच दिसतं आणि तिथेच दुरुस्त करता येतं.