राइट की एफराइट? पाणीपातळीची नोंद फाइलमध्ये ठेवताना

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यामुळे इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना पाणीपातळी नोंदवणारा प्रोजेक्ट करावासा वाटला तर नवल नाही. सेन्सर कुठला, बोर्ड कुठलं यावर खूप खल होतो. सी प्रोग्रॅममधून ती नोंद फाइलमध्ये नेमकी कशी लिहायची, हा प्रश्न मात्र राहून जातो, आणि पुरात तोच महागात पडतो.

लिनक्सवर वाटा दोन. एफओपन, एफप्रिंटएफ, एफराइट ही सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतली फंक्शन्स. ओपन आणि राइट हे थेट कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, केलेले सिस्टिम कॉल.

समजा, दर मिनिटाला 40 बाइटची एक ओळ लिहायची आहे. एफप्रिंटएफ ती ओळ लगेच कर्नलकडे देत नाही, प्रोग्रॅमच्याच मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं. हे बफर बहुधा 4096 बाइटचं असतं. म्हणजे 102 ओळी पूर्ण मावतात आणि 103 व्या ओळीचे पहिले 16 बाइट. बफर भरलं की तेवढंच कर्नलकडे जातं. नंतर लगेच वीज गेली नाही, नुसता प्रोग्रॅम किल झाला, तरी फाइलच्या शेवटी ‘2025-07-28 14:30’ एवढंच उरतं. तारीख आहे, वेळ आहे, पातळी नाही. आणि बफर भरायच्या आधीच प्रोग्रॅम मेला तर दीड तासाच्या नोंदी गेल्या. पाणी चढत असताना हाच दीड तास हवा असतो.

राइट परत आलं की बाइट कर्नलकडे पोचलेले असतात. प्रोग्रॅम मेला तरी ते टिकतात. वीज जाण्याची भीती असेल तर एवढ्यावर भागत नाही, कारण कर्नलही डेटा काही काळ मेमरीतच ठेवतो. प्रत्येक ओळीनंतर एफडेटासिंक, म्हणजे डेटा डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल, करावा. तो संथ आहे, पण मिनिटाला एकदाच करायचं तर काय बिघडतं?

राइटची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. 40 बाइट दिले आणि 28 च गेले असं होऊ शकतं, म्हणून परत आलेला आकडा पाहून उरलेलं लूपमध्ये लिहावं लागतं. उणे एक आलं तर एररनो, म्हणजे चुकीचं कारण सांगणारा आकडा, बघायचा: सिग्नलमुळे अडलं असेल तर पुन्हा प्रयत्न, डिस्क भरली असेल तर तसं कळवायचं. आकड्याचा मजकूर आधी एसएनप्रिंटएफनं तयार करावा लागतो. ओपनला ओ_क्रिएट (फाइल नसेल तर बनव) दिलं तर तिसरा आर्ग्युमेंट, म्हणजे 0644 सारख्या परवानग्या, विसरू नका. विसरलात तर फाइलला भलत्याच परवानग्या मिळतात. ओ_अपेंडही हवंच, म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला तरी नवी ओळ शेवटालाच जाते.

वर्षभराचा डेटा वाचून अहवाल बनवायचा असेल तर माझं मत सरळ उलटं. 5,25,600 ओळी, प्रत्येकीला एक राइट म्हणजे तेवढेच सिस्टिम कॉल. एफप्रिंटएफ तेच काम पाच हजारांच्या आसपास कॉलमध्ये उरकतं. इथे बफरच कामाचं. मधेच बंद पडलं तर अहवाल पुन्हा बनवता येतो. तोच कोड विंडोजवर न्यायचा असेल तरीही हीच वाट सोपी. फक्त एफक्लोजचं उत्तर तपासा. डिस्क भरल्याची चूक कित्येकदा तिथेच उघडकीस येते.

मधली वाट आहे: एफप्रिंटएफ, लगेच एफफ्लश (बफर कर्नलकडे रिकामं करायला) आणि मग एफसिंक (डिस्कवर उतरवायला). एकट्या प्रोग्रॅमसाठी ती चालते. पण नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम नव्यानं लिहिणार असाल तर मी राइटच घ्यायला सांगेन, कारण किती बाइट गेले हे तिथे प्रत्येक ओळीला कळतं. एकाच उघड्या फाइलवर दोन्ही मिसळू नका. बफरमधला मजकूर मागून येतो आणि 14:30 ची ओळ 14:31 च्या खाली जाऊन बसते.