डोळे कुठे तपासायचे? पुण्यात शिकणाऱ्यांसाठी चार वाटांची तुलना

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रोज दहा तास बसणारी माझी भाची दिवाळीला घरी आली ती कपाळ दाबतच. दोन महिन्यांपूर्वी तिने एका चष्म्याच्या दुकानात फुकट नंबर काढून चष्मा घेतला होता. दोन्ही डोळ्यांना मायनस १.२५. नेत्रतज्ज्ञांनी ड्रॉप टाकून पुन्हा तपासलं, तर निघाला मायनस ०.५०. दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसलं की डोळ्याच्या आतले स्नायू आखडून राहतात. तशाच डोळ्यांनी नंबर काढायच्या यंत्रासमोर बसलं की मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त येतो. तोच काचेत गेला आणि पोरीचं डोकं दुखत राहिलं.

म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी एवढं मनात पक्कं करा: नंबर काढणं वेगळं आणि डोळा तपासणं वेगळं. कॉलेजात पहिल्या वर्षी आरोग्य तपासणीत लांबून तक्ता वाचून घेतात, ती नुसती चाळणी. ‘६/६ आहे’ असा शेरा मिळाला म्हणून डोळ्याच्या आतला पडदा, डोळ्यातला दाब, बुबुळ ठीक आहे असा अर्थ होत नाही.

चष्म्याचं दुकान सगळ्यांत सोयीचं. वेळ घ्यावी लागत नाही, संध्याकाळी लेक्चर संपल्यावरही जाता येतं, पंधरा मिनिटांत काम होतं. तिथे चार वर्षांची पदवी घेतलेला ऑप्टोमेट्रिस्ट असेल आणि यंत्राच्या आकड्यावर न थांबता तो एकेक काच बदलत ‘ही बरी की ती बरी?’ असं विचारत असेल, तर नंबर चांगलाच निघतो. फ्रेम मोडली, चष्मा हरवला, वर्षभरापूर्वीच डॉक्टरांनी तपासलंय, अशा वेळी खुशाल दुकानात जा. पण नुसत्या यंत्राच्या चिठ्ठीवरून काच बनवून देत असतील, तर तिथून उठा. तो आकडा म्हणजे तपासणीची सुरुवात असते. आणि तपासणी फुकट असली तरी तिचे पैसे फ्रेममधून निघायचे असतात, हे लक्षात ठेवूनच आत शिरा.

ससून या सरकारी रुग्णालयात पैसे जवळजवळ लागत नाहीत, केस पेपरचे काय ते नाममात्र. बी. जे. मेडिकलला जोडलेलं रुग्णालय असल्याने तपासणारे बहुधा निवासी डॉक्टर असतात, आणि माझ्या अनुभवात ते प्रश्न नीट विचारतात. किंमत मोजायची ती वेळेची. ओपीडी सकाळची, आधी केस पेपरची रांग, मग डोळ्यांच्या विभागाची. अख्खी सकाळ जाते, आणि नंबर पक्का करायला पुन्हा बोलावलं तर दुसरीही. मेसचे पैसे महिनाअखेरीस पुरवून पुरवून वापरणाऱ्याने मात्र ही वाट टाळू नये. तपासणीत खोट नसते, गर्दी असते.

ट्रस्टची रुग्णालयं या दोन्हींच्या मध्ये बसतात. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय हडपसरजवळ महंमदवाडीला आहे. पेठांतून किंवा औंधवरून जायचं तर शहर ओलांडावं लागतं. पण डोळ्यांचंच रुग्णालय असल्याने पडद्याची, बुबुळाची यंत्रं एकाच छताखाली मिळतात. नंबर मोठा असेल, सहाच्या वर, तर मी सरळ अशाच ठिकाणी पाठवेन. मोठ्या मायनस नंबरात पडदा ताणून पातळ झालेला असतो, आणि तो बाहुली मोठी करून कडेपर्यंत पाहावा लागतो.

खासगी नेत्रतज्ज्ञाकडे फी जाते, पण वेळ ठरवून जाता येतं आणि दर वर्षी तोच माणूस डोळा बघतो. ज्यांचा सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा नंबर, दर सहा महिन्यांनी वाढतोय आणि ज्यांना डोळे चोळायची सवय आहे, त्यांनी हा खर्च करावाच. बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा केराटोकोनस हा आजार नेमका कॉलेजच्या वयात वाढतो. वेळेत कळला तर क्रॉसलिंकिंग, म्हणजे बुबुळ घट्ट करणारा उपचार, करून बहुधा तिथेच थांबवता येतो. दुकानात मात्र दर वेळी नवा चष्मा मिळत राहतो.

दुकान सोडून कुठेही गेलात तरी ड्रॉपची तयारी ठेवून जा. टाकल्यावर चुरचुरतं, डोळे मिटून अर्धा-पाऊण तास बाकावर बसावं लागतं, मग मोबाइलवरची अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात आणि बाहेरचं ऊन डोळ्यांत घुसतं. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, मित्राला बरोबर घ्या, गॉगल न्या. नुसती बाहुली मोठी करणारे ड्रॉप चार-सहा तासांत उतरतात. नंबरासाठी स्नायू सैल करणाऱ्यांचा असर एक-दोन दिवसही राहतो, म्हणून परीक्षेच्या आठवड्यात हे काम काढूच नका.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला चष्म्याविना दोन्ही डोळ्यांनी ६/६ लागतं, रंग नीट ओळखता यावे लागतात आणि लॅसिक, म्हणजे चष्मा घालवायची लेझर शस्त्रक्रिया, झालेला उमेदवार चालत नाही. दोन वर्षं अभ्यास करून मेडिकलला बाद होण्यापेक्षा फॉर्म भरण्याआधीच रंगदृष्टीसह पूर्ण तपासणी करून घ्या. लॅसिकचा विचार असेल तर आधी त्या पदाचे नियम वाचा.

तपासणी एकीकडे आणि खरेदी दुसरीकडे करायला काहीच हरकत नाही. मी तर तसंच करायला सांगेन. चिठ्ठीवर नंबरासोबत पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, लिहून मागा आणि फोटो काढून ठेवा. ऑनलाइन मागवतानाही तो आकडा लागतो.

एका प्रसंगी मात्र ही सगळी तुलना बाजूला ठेवायची. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके पडू लागले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. रात्र असेल तर ससूनचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो.