जुन्या सामानाला कामाला लावणारं माधवनगर रोडवरचं वर्कशॉप

या वर्कशॉपनं आमच्या जुन्या सामानातून तीन वस्तू करून दिल्या, त्यांचे आधी गुण सांगते. फडताळाला 100 पैकी 90, शिलाई मशीनच्या टेबलाला 80 आणि पाणी तापवायच्या बंबाच्या दिव्याला काठावर पास. आयुष्यभर शाळेत कार्यानुभव शिकवला, त्यामुळे गुण दिल्याशिवाय जमत नाही. बाटलीवर बांगड्या चिकटवलेल्या फुलदाण्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड इतके तपासले आहेत की घरात तसलं काही ठेवायचं नाही, हे मी केव्हाच ठरवलं होतं. जुनी वस्तू ठेवायची तर तिनं रोज काहीतरी काम केलं पाहिजे. नाहीतर ती पुसण्यात आपलाच जन्म जातो.

सामान सांगलीच्या गावभागातल्या घरातलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तिथं धोक्याची पातळीच 45 फुटांची. आमचा खालचा मजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर नव्या प्लायवूडच्या कपाटाचे पापुद्रे सुटले. सासूबाईंच्या वेळच्या सागवानी फडताळाची दारं मात्र चिखल धुऊन सावलीत वाळवली, तर पुन्हा चौकटीत नीट बसली. पुढं घर विकलं, विश्रामबागेत फ्लॅट घेतला आणि दारं, बंब, मशीनचा स्टँड, जातं असं सगळं पार्किंगमध्ये येऊन पडलं. भंगारवाला बंबाकडं बघून नुसता तांब्याचा भाव सांगायचा.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. पुढच्या बाजूला विकायला मांडलेलं सामान आहे, तिकडं लक्ष देऊ नका. बैलगाडीच्या चाकाचं टेबल, मुद्दाम काळी केलेली नवी पितळी घंगाळं, आणि किमती पुण्याच्या गिऱ्हाइकाला बघून लावलेल्या. खरं काम मागं चालतं. मिस्त्रींनी सामानाचे फोटो बघायच्या आधी विचारलं, "काकू, फ्लॅटमध्ये अडचण कशाची होतीय?" मला हा प्रश्नच आवडला. अडचण होती इन्व्हर्टरची. आत शिरल्या शिरल्या पहिलं दर्शन बॅटरीचं व्हायचं.

त्यांनी फडताळाची दारं जुन्या चौकटीसकट घेतली आणि मागं नवा सांगाडा उभा केला. आता खाली इन्व्हर्टर, वर चपला आणि छत्र्या. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती बंद कपाटात कोंडायची नसते. हे त्यांनी आपणहून सांगितलं. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवली आणि दोन्ही अंगांना लाकडी जाळी बसवली. कडी-कोयंडा आणि बिजागऱ्या जुन्याच. दारांवर हिरव्या ऑइलपेंटचे थर होते. जुन्या रंगात शिसं असायचं (घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरात आली), त्यामुळं कोरडा पॉलिशपेपर मारला की विषारी धूळ उडते. इथं पोरगा तोंडाला मास्क लावून पाणी मारत घासत होता. दुसऱ्या एका ठिकाणी चौकशीला गेले होते, तिथं उघड्यावर ग्राइंडर चालू होता आणि शेजारी चहाचे कप. तिथून परत फिरले.

मशीनचा स्टँड बिडाचा (कास्ट आयर्नचा). पुराच्या वेळी कुणीतरी ओढताना एका पायाचा कान तडकला होता. बिडाला साधं वेल्डिंग केलं तर शेजारी नवी चीर जाते. त्यांनी पाय तापवून पितळेचा जोड दिला. जोड पिवळा दिसतो, रंगवू का म्हणाले. मी नको म्हटलं, दिसू दे. वर माळ्याच्या जुन्या फळ्या जोडून पाट केला. पायटा मोकळा ठेवलाय, पण चाक एका नटबोल्टनं अडवलंय, म्हणजे नातीची बोटं सापडायची नाहीत. उद्या कुणाला पुन्हा मशीन बसवायचं झालं तर बोल्ट काढला की झालं. जुन्या वस्तूवर काही करायचं तर असंच, पुन्हा मूळ रूपात आणता येईल असं.

वीस गुण गेले ते पॉलिशमुळं. कारागीर मिरजेचा, तंबोऱ्यांचं पॉलिश करणारा, हात सुरेख. पण चपडी लाखेचं स्पिरिट पॉलिश तंबोऱ्याला ठीक, अभ्यासाच्या टेबलाला नाही. चहाचा गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ उठतं आणि सॅनिटायझर सांडला तर लाखच विरघळते. रोजच्या वापराच्या टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून मागा. ते देतात, पण विचारल्यावर.

आता बंब. दिवा करायची कल्पना सुनेची. मिस्त्री आधी तांब्याला भोक पाडणार होते, ते मी करू दिलं नाही. बंबाला मधोमध धुराची नळी असतेच, तिच्यातूनच वायर वर नेली. युक्ती छान जमली. मात्र घरी आला तेव्हा त्याला दोन पिनांची वायर होती. अख्खं अंग धातूचं, आत कुठं वायर सोलली गेली तर बंबाला हात लावणाऱ्याला शॉक. परत पाठवला. तीन पिनांची वायर आणि अर्थिंग अंगाला जोडून आणलं, पैसे वाढवले नाहीत. पण हे मला सांगावं लागायला नको होतं. वर लॅकर मारायचा आग्रहही मोडून काढला. लॅकर जागोजागी सुटला की तांबं डागाळतं आणि मग चिंच-मीठही चालत नाही. इतकं करून उजेड बेताचाच आणि कोपरा अडलाय तो वेगळा. सून खूष आहे, म्हणून पास.

जात्याला त्यांनी हातच लावला नाही. मी म्हटलं, बाल्कनीत कुंडीखाली बसवा. तर म्हणाले, "ते काम मी घेत नाही, काकू. लग्नसराईत बघा." बरोबर निघाले. आमच्या सोसायटीत लग्न ठरलं की हळद दळायला जातं शोधत फिरतात. सांगलीत हळदीला तोटा नाही, जात्याला आहे. आता आमचं जातं या मजल्यावरून त्या मजल्यावर लिफ्टनं फिरतं आणि परत येताना सोबत लाडूचा डबा येतो.

पितळी पातेल्याला मात्र ते बिनदिक्कत भोक पाडून कुंडी करतात. तुम्ही पाडू देऊ नका. आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा, पातेलं कल्हईला जाण्याजोगं राहील.

दर लेखी मिळत नाही, अर्धे पैसे आधी द्यावे लागतात, टेम्पोचं भाडं वेगळं. मला फडताळ आणि टेबल मिळून साडेअकरा हजार पडले, दिव्याचे अडीच हजार. वेळेचं म्हणाल तर दिवाळीचा वायदा होता, सामान तुळशीचं लग्न उरकल्यावर आलं. जाताना दारांची मापं आणि भिंतीचा फोटो न्या, आणि काम सांगितलेलं सगळं कागदावर लिहून त्यांची सही घ्या. सहीला ते कुरकुरतात, पण करतात.