दुसरा शनिवार, अकरा ते एक : बालगृहातील भेटीच्या व्यवस्थेबद्दल एका वडिलांचा अभिप्राय

माझी अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा नऊ महिन्यांपासून बाल कल्याण समितीच्या, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीच्या, आदेशाने बालगृहात आहेत. पत्नीच्या निधनानंतर मी दारूच्या आहारी गेलो, छापखान्यातल्या रात्रपाळीला जाताना मुलांना घरात एकटे ठेवू लागलो आणि एका रात्री शेजाऱ्यांनी मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या १०९८ या क्रमांकावर कळवले. त्यांनी योग्य तेच केले, हे मला आज मान्य आहे. त्यामुळे मुले का नेली, याची तक्रार येथे नाही; नेल्यानंतर त्यांना भेटण्याची जी व्यवस्था पालकाच्या वाट्याला येते, तिच्याबद्दल हा अभिप्राय आहे. संस्थांची नावे लिहीत नाही, कारण मुले अजून तेथेच आहेत आणि त्यांची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे.

आधी चांगले सांगतो. दोन्ही बालगृहे स्वच्छ आहेत, मुलांची शाळा बुडालेली नाही आणि मुलीच्या बालगृहातील अधीक्षिका बाईंनी पहिल्या दिवसापासून मला ‘अहो’ म्हणूनच हाक मारली. माझ्यासारख्या माणसाला त्या काळात असे बोलणारे फार कमी होते.

खरी अडचण वेळापत्रकात होती. मुलगा आणि मुलगी यांची बालगृहे वेगळी, शहराच्या दोन टोकांना. मधले अंतर बस बदलून सव्वा तासाचे. आणि दोन्हीकडे पालकभेट मात्र महिन्यातून एकदाच, दुसऱ्या शनिवारी अकरा ते एक. पहिल्या महिन्यात मी धाकट्याकडे गेलो. मुलगी वेण्या घालून एक वाजेपर्यंत बाकावर बसून होती, हे मला नंतर फोनवर कळले. दुसऱ्या महिन्यात तिच्याकडे वीस मिनिटे बसून निघालो आणि एकला पाच मिनिटे कमी असताना मुलांच्या बालगृहाच्या फाटकाशी पोहोचलो, तेव्हा पहारेकऱ्याने भेटीची वही मिटलेली होती. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. वही वेळेवर मिटणे हेच त्याचे काम. पण दोन भावंडांचा बाप एकच असू शकतो, ही गोष्ट वेळापत्रक आखणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. बहीणभाऊ एकमेकांना चार महिने दिसले नाहीत, ते तर कोणाच्याच वहीत नव्हते.

तोंडी विनंतीला येथे काडीची किंमत नाही. प्रत्येक वेळी ‘वर विचारून सांगतो’ असे उत्तर मिळाले. शेवटी व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशकांच्या सांगण्यावरून मी समितीकडे लेखी अर्ज केला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. बाल न्याय अधिनियम, २०१५ मी तेव्हा प्रथमच नीट वाचला. मुद्रितशोधकाला बारीक टाइपाची भीती नसते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, महिन्यातून किमान वीस दिवस बैठक व्हावी लागते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा लागतो आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश होणे अपेक्षित असते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आणि मूल कुटुंबात परत जाणे हे उद्दिष्ट, हे कायद्याच्या सुरुवातीच्या तत्त्वांतच लिहिलेले आहे. आईवडिलांशी नियमित संपर्क राहणे हा तर बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील नवव्या कलमानुसार मुलाचा हक्क आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्येच स्वीकारलेला आहे. प्रत्यक्षात मात्र भेट ही पालकाला चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारी सवलत असल्यासारखी वागवली जाते. ‘आधी तुमचे प्रमाणपत्र येऊ द्या, मग बघू’ हे वाक्य मी तीन वेळा ऐकले. दारू माझी होती. भेट त्यांचीही होती.

माझा अर्ज सहा आठवडे पडून राहिला. तो हलला तो माझ्या मसुद्यामुळे नव्हे. समितीने बालगृहाला दिलेली भेट ही बैठकच धरली जाते. अशाच एका भेटीत माझ्या मुलीने सदस्य बाईंना सरळ विचारले, ‘माझा भाऊ कुठे राहतो?’ त्यानंतरच्या तारखेला आदेश झाला : महिन्यातून दोनदा, मुलींच्या बालगृहात, दोघांची एकत्र भेट, मुलाला संस्थेच्या गाडीतून आणायचे, शिवाय दर बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटे व्हिडिओ कॉल. गाडी दोनदा आली नाही, एकदा डिझेलअभावी आणि एकदा चालक रजेवर होता म्हणून. बुधवारचा कॉल मात्र आजवर चुकलेला नाही, याचे श्रेय तेथील काळजीवाहक ताईंना आहे, कारण फोन त्या स्वतःचा वापरतात.

भेटीची खोली म्हणजे कार्यालयाचाच एक कोपरा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, शेजारी कपाट आणि सतत वाजणारा दूरध्वनी. घरी शिजवलेले काही नेता येत नाही, बंद पाकिटातील बिस्किटे चालतात. हा नियम मला पटतो. मुलाला चपला हव्या होत्या आणि माप घ्यायला काही नव्हते, म्हणून पिशवीतल्या जुन्या प्रुफाच्या कोऱ्या बाजूवर त्याचे पाऊल ठेवून मी पेन्सिलने रेघ काढली. आता प्रत्येक भेटीत तो स्वतःच मोजा काढून उभा राहतो आणि बहीण रेघ ओढते.

गुण द्यायचेच तर माणसांना पाचपैकी चार देईन, व्यवस्थेला दोन. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज करावा, भावंडे वेगळी असतील तर एकत्र भेटीची मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी आणि आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येते हे लक्षात ठेवावे. अशा आदेशावरचे अपील बाल न्यायालयाकडे करायचे असते.

घरच्या परिस्थितीची चौकशी करणारे परिविक्षा अधिकारी गेल्या मंगळवारी घरी येऊन गेले. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले, शाळा किती अंतरावर आहे ते विचारले आणि मी आता दिवसपाळीला असल्याचे छापखान्याचे पत्र सोबत नेले. समितीपुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.